मराठी मशीन आणि माझा डावा डोळा

माझ्या नातीच्या ऑफिसात गेल्या महिन्यात कॉम्प्युटरची सगळी सिस्टिम बदलली. तेव्हापासून ती घरी आली की कपाळावर ओला रुमाल टाकून पडते. "आजी, सगळं जागेवरून हलवून ठेवलंय गं. शोधता शोधता डोळे जातात." डोळे जातात हे दोन शब्द मी आमच्या घरात कुणाला सहज बोलू देत नाही. तिला म्हटलं, आधी डोळे तपासून ये, मग त्या मशीनला शिव्या दे. तर म्हणते, "तुला काय माहीत त्यातलं!"

म्हणून लिहायला बसले. यात औषधांची नावं नाहीत, मला ती आठवत नाहीत. यात एक मूर्ख मुलगी आहे. तिला मी चांगली ओळखते, तिचं रेशनकार्ड माझ्याच पिशवीत असतं. ज्यांचे डोळे कामानं दुखतात आणि जे ते लपवतात, त्यांनी तिच्याकडे नीट पाहावं, एवढ्यासाठी तिची फजिती सांगते.

हुशार शांता

पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा मी अकोल्याच्या एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आमचं घर अमरावतीला, राजापेठेच्या मागच्या वस्तीत. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. वस्तीतल्या एकाही बाईनं खुर्चीवर बसून पगार घेतला नव्हता. मी घेतला. त्यानं माझी मान जी वर गेली, ती खाली यायला सात-आठ वर्षं लागली. आणि आली ती अशी आली की चाव्यांवरून उठेना.

टायपिंग मी राजापेठेतल्या क्लासात शिकले. सर चाव्यांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवत. हात झाकणाखाली, डोळे पुस्तकावर. झाकण उचलून पाहिलं की बोटांवर पट्टी. मी अशी तयार झाले की इंग्रजी मजकुरातलं निम्मं मला कळायचं नाही, पण बोटांना कळायचं. ऑफिसात टाइप करता करता मी खिडकीबाहेर पाहायची. मुद्दाम. कुणीतरी बघावं म्हणून.

नोकरीत घेताना डोळ्यांची तपासणी झाली होती. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता आणि रांगेत माझ्यापुढे चार जणी. त्या वाचत होत्या तोवर मी तक्ता पाठ करून टाकला. कारण उजव्या डोळ्यानं मला तो धुकट दिसत होता. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. माणसाचा एक हात जास्त कामाचा असतो, तसा एक डोळाही असणार. उजवा हात, डावा डोळा. वाटणी बरोबर झाली, असं मी लहानपणापासून समजत होते. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला लावला. मी झाकला आणि खडाखडा म्हणून दाखवलं.

पास! रांगेतल्या बायकांकडे मी अशा नजरेनं पाहिलं, की जणू दोन गावच्या पाटलीणबाई माझ्याकडे पाणी भरतात.

खोली बदललेली बोटं

पुढे माझं लग्न झालं. नवरा चांदूर बाजारच्या शाळेत मास्तर. मी त्यांना तेव्हाही मास्तर म्हणायची आणि आताही त्यांच्या फोटोला तेच म्हणते. मुलगी झाली, बेबी. ती अमरावतीला माझ्या आईजवळ, मी अकोल्यात भाड्याच्या खोलीत, मास्तर चांदूर बाजारला. शनिवारी दुपारी आम्ही आपापल्या गाडीनं अमरावतीला यायचो आणि दीड दिवसाचा संसार करायचो.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं गेली आणि आमच्या ऑफिसात हुकूम आला, पत्रव्यवहार मराठीत. इंग्रजी मशीनं गोदामात गेली. टेबलावर मराठी मशीन आलं. आमच्या हेडक्लार्कना सगळे बडेबाबू म्हणत. ते वयानं मोठे होते, आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी सांगितलं, "सहा महिन्यांत मराठी टायपिंगची परीक्षा. पास झाला तो टायपिस्ट राहील. नापासाची जबाबदारी माझ्यावर नाही."

आता हे मशीन कसं, ते सांगते. दिसायला इंग्रजीसारखंच, पण जिथं के होता तिथं काना, डी होता तिथं क, एफ होता तिथं पहिली वेलांटी, आणि ती अक्षराच्या आधी मारायची. आपण रोज ज्या घरात वावरतो त्या घरात कुणीतरी येऊन चूल न्हाणीत आणि न्हाणी देवळीत नेऊन ठेवावी, तसं. बोटं जुन्या जागी जात आणि कागदावर भलतंच उमटे.

शहाण्या माणसानं क्लासात जाऊन पुन्हा झाकणाखाली हात घातले असते. पण शाळेतल्या पोरींच्या शेजारी बसून मी 'का का का' बडवायचं? मी, खिडकीबाहेर पाहून टाइप करणारी? मी चाव्या बघून टाइप करायला लागले.

मसुद्यावरचा शब्द पाहायचा, मान खाली घालून चावी शोधायची, मान वर करून कागदावर पाहायचं, परत मसुद्यात ओळ हुडकायची. एका पानाला शंभरदा. दिवसाला किती, ते देव जाणे. आणि बौद्ध होऊन देव सोडून आम्हाला थोडीच वर्षं झाली होती, त्यामुळे तोही जाणत नसावा.

महिन्याभरात डाव्या भुवईवर खिळा ठोकल्यासारखं दुखू लागलं. दुपारी दोनला अक्षरांना सावली यायची. चारला डोळ्यांतून पाणी. सहाला खोलीवर पोचले की मळमळ, आणि स्टोव्हची ज्योतही सहन व्हायची नाही. मी चहाच्या चोथ्याच्या पुरचुंड्या ठेवल्या, दुधाच्या घड्या ठेवल्या. शेजारणीनं सांगितलं म्हणून एरंडेल घातलं. त्यानं दोन दिवस सगळं अकोला तेलात तळलेलं दिसलं.

डॉक्टरकडे गेले नाही. चष्मा लागला तर नोकरीतून काढतील असं कुणीतरी कुणालातरी सांगताना मी ऐकलं होतं. शिवाय आधीच्या तपासणीत मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. चोराला चौकीसमोरून जाताना वाटतं, तसं मला दवाखान्यासमोरून जाताना वाटायचं.

गेलेली ओळ

चौथ्या महिन्यात एक यादी आली. मेळघाटातल्या चौकीदारांच्या जागांसाठी निवडलेल्यांची नावं. ती स्टेन्सिलवर काढायची होती. स्टेन्सिलवर रिबीन बाजूला सारून टाइप करतात. अक्षर काळं उमटत नाही, मेणकागदावर नुसता ओरखडा दिसतो. चांगल्या डोळ्यांनासुद्धा ते छळतं. मी ते दुपारी साडेतीनला केलं. यादी छापली, गावोगाव गेली.

आठ दिवसांनी एक माणूस आला. सेमाडोहकडचा, सोमजी नावाचा. दोन दिवस वाटेत गेले होते त्याचे. माझ्या टेबलासमोर उभा राहून हळूच म्हणाला, "बाई, माह्यं नाव होतं ना. साहेबानं वाचून दाखवलं होतं. आता नाई म्हणतात. मी काही केलं का?"

मी मूळ मसुदा काढला. त्यात त्याचं नाव होतं. माझ्या यादीत वरचं नाव होतं, खालचं होतं. मान खाली घालून वर करताना माझ्या डोळ्यांनी एक ओळ ओलांडली होती.

"मी काही केलं का?" हे त्यानं मला विचारलं. मला!

दुरुस्तीपत्रक निघालं. तोवर त्या जागेवर दुसरा माणूस हजर झाला होता. सोमजीला, पुढच्या वर्षी पाहू, असं सांगितलं. पुढच्या वर्षीच्या यादीत मी त्याचं नाव शोधलं. नव्हतं.

बडेबाबूंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "शांताबाई, डोळे कुठं ठेवून आलात? अमरावतीले?" दोघं-तिघं हसले. कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "ह्यांना नोकऱ्या देऊन असंच होणार." कुणाला म्हणजे कुणाला, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मी लेखी खुलासा दिला: नजरचूक. त्या नोकरीत मी लिहून दिलेलं तेवढं एकच खरं होतं.

मीठमोहरी

त्या शनिवारी अमरावतीला गेले आणि दारातच आईच्या खांद्यावर कोसळले. तिला पहिल्यांदा सांगितलं.

"आई, मले दिसत नाई व नीट. मी आंधळी होऊन राहिली."

आईनं मला बसवलं. आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या होत्या. माझ्यासमोर उभी राहिली. मूठ उचलली. ओवाळणार, तेवढ्यात हात थांबला. दीक्षा घेताना तिनं भर मंडपात सांगितलं होतं, हे सगळं आजपासून बंद. मूठ तशीच हवेत. मी माझ्या एका डोळ्यानं तिच्याकडे पाहत होते. खरं सांगते, मला वाटत होतं, ओवाळ. काय जातं. ओवाळून टाक.

ती मागच्या दारी गेली. मीठ-मोहरी नालीत टाकली, मिरच्या मात्र परत डब्यात ठेवल्या. येऊन म्हणाली, "दवाखान्यात चाल. सोमवारी. मी येतो संगं."

रात्रभर ती जागी, पण कुशीवर वळली नाही. मीही नाही.

दुसरा तक्ता

अकोल्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. सगळे मान खाली घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात कुणाचातरी पदर नाहीतर धोतराचं टोक. नाव पुकारलं की ओळीतले तिघं-चौघं एकदम उठायचे. माझ्या शेजारची म्हातारी मोतीबिंदूची होती. ती म्हणाली, "तू तं तरणीताठी. तुले काय झालं?" म्हटलं, दुखतात डोळे. "माह्ये नाई दुखत," ती खुशीत म्हणाली. "दिसतच नाई, तं दुखतीन कायले?" त्या दिवशी हसू आलं ते तेवढंच.

आत डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, डाव्या डोळ्यावर काळी वाटी धरली आणि म्हणाले, वाचा.

समोर धुकं. धुक्यात एक पांढुरका चौकोन. आणि माझी जीभ आपली आपण सुटली. ई, एफ, पी, टी, ओ... मी दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर गेले, न अडखळता, आवाजात चढउतार करून.

डॉक्टरांनी म्हणू दिलं. मी पाचव्या ओळीला आले तेव्हा त्यांनी वाटी काढली. म्हणाले, "पाहा."

तक्ता मराठी होता. सगळ्यात वर एवढा मोठा ग.

माझी आई दाराशी उभी होती. तिला ग ही येत नव्हता आणि ई ही नाही, पण डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की पोरगी काहीतरी चोरताना सापडली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बराच वेळ दिवा घालून आत पाहिलं आणि सांगितलं. उजवा डोळा लहानपणापासूनच आळशी राहिलेला आहे. त्याला कधी कामच शिकवलं गेलं नाही. तो आता येणार नाही, चष्म्यानंही नाही. मी जन्मभर एकाच डोळ्यावर जगले आहे. त्यालाही नंबर आहे. इंग्रजी टायपिंगला डोळे फारसे लागत नव्हते, म्हणून तो टिकून राहिला; आता त्याच्याकडून दोघांचं काम दिवसभर करून घेतलं जातंय.

"पाच-सहा वर्षांची असताना आणायला हवी होती हिला," ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "तवाचं नका सांगू. आता काय करावं, ते सांगा."

"आता? डावा जपायचा. चष्मा लावायचा. आणि शक्य असेल तर हे टायपिंग सोडायचं."

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली. "पडत बी नव्हती तू," ती स्वतःशीच म्हणाली. "धडपडत बी नव्हती. सुई ओवून द्यायची मले. मले कसं समजावं?" मी तिला सांगितलं नाही की सुई ओवताना मी उजवा डोळा मिटून घ्यायची. मला वाटायचं सगळे तसंच करतात.

थेंब

चष्म्याचा नंबर काढायला आधी काही दिवस डोळ्यांत थेंब घालायचे होते. थेंब घातले की जवळचं सगळं विरघळून जायचं. अंगणातला लिंब दिसे, हातातली भाकर दिसत नसे. उजेड टोचायचा. रजा टाकून मी अमरावतीला आईकडे हिरव्या कापडाची पट्टी बांधून बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पंधरा दिवसांत नजर परत येईल. मी विश्वास ठेवला नाही. मीच त्यांच्यापुढे खोटी ठरले होते, मग ते तरी कशाला खरं बोलतील, असं माझं तर्कशास्त्र.

एका दुपारी पट्टी काढली, बेबीला मांडीवर घेतलं आणि डावा डोळा हातानं झाकला. हा डोळा गेला तर काय उरेल, ते पाहायचं होतं. उरलं ते एवढंच: एक गव्हाळ गोळा, वर काळं काहीतरी, आणि मधून बोबडा आवाज. नाक कुठं, डोळे कुठं, हसते आहे की रडते आहे, काही नाही. ती म्हणाली, "आई, भो!" तिला वाटलं मी खेळते आहे. मी पुन्हा पुन्हा झाकून पाहत राहिले, आणि ती पुन्हा पुन्हा "भो" करत राहिली.

याच्याइतकं वाईट मला पुढे कधीच वाटलं नाही. मास्तर वारले तेव्हाही नाही. हे लिहू नये, पण लिहिलं.

मास्तर शनिवारी आले. सगळं ऐकून म्हणाले, "सोड नोकरी. चांदूर बाजारले चाल. माझा पगार आहे."

"आणि उद्या तुमाले काही झालं तं?"

"मले काय होते?"

"मले तरी काय होणार होतं?"

ते बोलायचे थांबले. तो रविवार आम्ही एका घरात राहून एकमेकांशी बेबीमार्फत बोललो. "बाबाले म्हणावं, जेवायला वाढलं." "आईले म्हणावं, भूक नाई." बेबी बिचारी दोन वर्षांची, निरोपातलं निम्मं खाऊन टाकायची.

दिवसभर पट्टी बांधून बसल्या बसल्या माझी बोटं जमिनीवर चालायची. सारवलेल्या भुईवर टक टक टक. इंग्रजीच. सवय. आई निवडत बसलेली असे. पुढच्या शनिवारी ती वैतागली.

"काय बडवून राहिली व?"

"टायपिंग."

"कोन्तं?"

"इंग्रजी."

"परीक्षा काह्याची आहे?"

"मराठीची."

"मंग मराठी बडव ना!"

"आई, ते पाहिल्याशिवाय नाई जमत. चाव्या दिसाव्या लागतात."

आईचे हात थांबले नाहीत. "आमी वावरात बोलत बोलत वेचतो. उन्हात, दिवसभर. एकेका बोंडाकडं डोये लावून बसली असती, तं तू उपाशी मेली असती. बोटाले समजते कापूस कुठं हाय. त्याले शिकवा लागते. सुरवातीले टोचते."

मला आठवलं, पुठ्ठ्याचं झाकण उचलणाऱ्या पोरींना सरांची पट्टी बसायची तेव्हा मी गालात हसायची. आणि चार महिने मी स्वतः झाकण उचलून बसले होते.

मास्तर ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं असावं. संध्याकाळी ते माझ्या पिशवीतला मराठी चाव्यांचा नकाशा समोर ठेवून काहीतरी खुडबुड करत बसले. मग माझ्यासमोर लाकडी पाट आणून ठेवला आणि माझे हात धरून त्यावर ठेवले. पाटावर चिंचोके होते. चार ओळींत, खळीनं चिकटवलेले, एका चावीला एक.

"हा क," ते म्हणाले. आमचं मौन त्यांनी 'क' पासून मोडलं. "हा काना. ही वेलांटी, आधी मारायची. म्हणा."

तिसरी-चौथीला शिकवणारा माणूस. चूक झाली की पाटावर छडी आपटायचा. "कमल! पुन्हा कमल! वेलांटी कुठून आली कमलले?" मी पट्टीखाली रडत असायची आणि बोटं चिंचोक्यांवर फिरत असायची. बेबीनं एकदा 'स' उपटून तोंडात घातला. तो आईनं बोट घालून काढला आणि धुऊन परत लावला. आमच्या घरात वस्तू वाया जात नसत.

ते बरं होणं नव्हतं. गैरसमज नको. चिंचोक्यांवर हात ठेवूनसुद्धा मला रोज वाटायचं की हे सगळं फुकट आहे. नजर येणार नाही, आली तरी टिकणार नाही, आणि ही दोघं मला फक्त नादी लावून ठेवतायत, बेबीला खुळखुळा द्यावा तसं.

मागचा बाक

नजर आली. पंधराव्या नाही, सतराव्या दिवशी. चष्मा आला, जाड काचांचा. पहिल्या दिवशी जमीन उतरती वाटली आणि मी सपाट रस्त्यावर उतारावरून चालल्यासारखी पाय रोवत गेले. ऑफिसात कुणी काढून टाकलं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. चार महिने मी ज्या भीतीपायी डोळा जाळला, ती कुणाच्या डोक्यातही नव्हती. फक्त बडेबाबू म्हणाले, "आता तरी ओळ गाळू नका."

अकोल्यातल्या एका टायपिंग क्लासात नाव घातलं. सकाळी सातला, मागच्या बाकावर. दोन वेण्यांच्या पोरींमध्ये जाड चष्म्याची बाई. एका पोरीनं विचारलं, "मावशी, तुमी काऊन शिकून राहिल्या या वयात?" वय माझं अठ्ठावीस. म्हटलं, "हौस." पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं, हात आत घातले. डोळे पुस्तकावर. मान खाली नेली नाही. न्यावीशी वाटली की आठवायचं, बेबीचा तो गव्हाळ गोळा.

ऑफिसात दर अर्ध्या तासानं खिडकीबाहेर दूरच्या चिंचेकडे पाहायची. आता मुद्दाम नाही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बडेबाबू खाकरायचे. मी तरी पाहायची. उन्हाची तिरीप कागदावर पडायची म्हणून टेबल फिरवून घेतलं, स्टेन्सिल फक्त सकाळी करायची असं सांगून टाकलं. एवढं बोलायला मला आधी तोंड नव्हतं की काय? होतं. पण त्या तोंडानं मी तक्ता म्हणत होते.

पहिल्या परीक्षेत नापास झाले. वेग कमी पडला. तीन महिन्यांनी आणखी एक संधी, ती शेवटची. ते तीन महिने मी चांगले काढले असं सांगता आलं असतं तर बरं होतं. रोज दुखायचं. थोडं कमी, थोडं उशिरा, पण दुखायचं. दोनच्या ऐवजी चारला. आठवड्यातून एखाद्या दिवशी नाही. मी त्या एखाद्या दिवसाचीच भीती बाळगायची. वाटायचं, आता दुखणंही थांबलं, म्हणजे डोळा मेला असेल. मग डावा झाकून, उघडून, झाकून पाहायची. रस्त्यात, गाडीत, जेवताना. लोकांना वाटायचं मी डोळा मारते. बसमध्ये एका गृहस्थांनी जागा बदलली.

दुसरी परीक्षा दिली. घरी येऊन सांगितलं, गेली हीसुद्धा. मास्तरांनी चांदूर बाजारला मोठी खोली पाहायला सुरुवात केली आणि मी त्यांना थांबवलं नाही.

निकाल

निकाल बडेबाबूंच्या टेबलावर आला. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. मला हाक मारली.

"शांताबाई, पास झालात." आणि त्याच हातानं दुसरा कागद पुढे केला. "हे चार वाजेपर्यंत पाहिजे. तीन प्रती."

मी जागेवर येऊन बसले. कार्बन लावले, कागद चढवला. डोळे मसुद्यावर ठेवले आणि पूर्ण पान मान न हलवता टाइप केलं. नेऊन दिलं. बडेबाबूंनी लाल पेन्सिल घेतली. अकरा चुका. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा केलं. चार चुका. त्या खोडरबरानं दुरुस्त केल्या. ओळ एकही गेली नव्हती. ती मी बोट ठेवून दोनदा मोजली.

सहाला खोलीवर आले. पातेलं चढवलं आणि नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून दुखण्याची वाट पाहत बसले. बाहेर अजून उजेड होता. स्टोव्हची ज्योत निळी होती आणि ती मी पाहू शकत होते. भुवईवर काही नव्हतं. डावा झाकून उघडून पाहिला. जिवंत होता.

मग माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत मी उजव्यासाठी रडलेच नव्हते. डाव्याच्या धास्तीत त्याच्यासाठी सवडच मिळाली नव्हती. तो येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली होती, जशी बडेबाबूंपुढे हलवायची तशी. अठ्ठावीस वर्षं तो माझ्या तोंडावर बसून होता, कुणी त्याला काही शिकवलं नाही, आणि मी त्याच्या नावानं तक्ते म्हणत राहिले.

चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रडले. पाणी मात्र दोन्ही डोळ्यांतून सारखंच आलं.